सहा वेळचं ताट

माझ्या मोठ्या जावेवर नजर ठेवायचं काम सासूबाईंनी माझ्याकडे दिलं, तेव्हा मला त्या घरात येऊन तीनच वर्षं झाली होती. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. जावेचं नाव तापीबाई. मी तिला जिजी म्हणायचे. आज ती हयात नाही, पण तिच्याबद्दल गावात अजून अर्धंमुर्धं आणि बरंचसं चुकीचं सांगतात. म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगते.

आमचं घर गुजरांचं. तापीकाठी कापूस, केळी आणि थोडा ऊस. सासरे मी यायच्या आधीच वारलेले. घर सासूबाई चालवायच्या, त्यांचं नाव शांतीबाई. त्यांना दोन मुलगे. थोरले चुनीलाल, म्हणजे जिजीचे मालक आणि माझे जेठ, आणि धाकटे छगन, म्हणजे माझे.

जिजी अंगानं मोठी. उंच, रुंद, भरलेली. केळीचा घड एकटीनं खांद्यावर घेऊन ती बांधावरून चालत यायची, आणि मागून येणाऱ्या गड्याला तिच्या चालीनं चालणं जमायचं नाही. अशी सून म्हणजे खात्यापित्या घराची खूण, असं सासूबाई चारचौघींत सांगायच्या. मात्र त्या अंगाच्या आत पोटाचं दुखणं होतं, हे बरीच वर्षं फक्त जिजीलाच ठाऊक होतं. जेवण झालं की छातीखाली आग व्हायची. ती सोडा घेऊन निभावून न्यायची. मग एकोणीसशे साठच्या जानेवारीत, ऐन थंडीत, खाल्लेलं सगळं उलटून पडू लागलं. दहा दिवसांत ती पाणीसुद्धा ठेवू शकेना. माझ्या जेठांनी बैलांची दमणी जुंपली, नंदुरबारला नेलं, तिथून पॅसेंजरनं सुरत लायनीवरच्या मिशनच्या दवाखान्यात. सोबतीला मी गेले.

तिथले डॉक्टर दावीद मद्रासकडे शिकून आलेले. कमी बोलायचे. ते म्हणाले, जठराला व्रण होऊन पुढची वाट बंद झाली आहे, कापावं लागेल. तीनातले दोन हिस्से त्यांनी कापून काढले. आधी तिचं वजन केलं होतं, ते दोनशे अठ्ठावीस पौंड भरलं. काट्याजवळची नर्स दोनदा वाकून बघत होती. तिचं नाव मंगळीबाई, नवापूरकडच्या डोंगरातली ख्रिस्ती बाई. सगळे तिला सिस्टर म्हणायचे.

घरी जायच्या दिवशी सिस्टरनं आम्हा दोघींना समोर बसवलं आणि स्वतःची मूठ मिटून दाखवली. आता तुमचं पोट एवढं, ती म्हणाली. एका वेळी एक छोटी वाटी, त्याच्या पुढे नाही. दिवसातून सहा वेळा. घास पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. गोड जास्त झालं तर घाम सुटेल, छाती धडधडेल, तेव्हा आडवं व्हायचं. आणि वेळ चुकवायची नाही. हे शेवटचं तिनं जिजीकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं. डोंगरातली असली तरी आमच्यासारखी घरं तिनं पाहिलेली असणार.

कारण आमच्या घरात बायकांची जेवायची वेळ ठरलेली नव्हतीच. आधी घरची पुरुष माणसं, मग गडी, मग पाहुणे असले तर पाहुणे, मग सासूबाई, आणि सगळं आवरल्यावर आम्ही दोघी. कधी दोन वाजायचे, कधी चार. उरेल ते जेवायचं.

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी, सकाळी सात वाजता, पुरुष अजून ओट्यावर दात घासत होते तेव्हा जिजीनं चुलीजवळ पाट टाकला, वाटीत मऊ खिचडी घेतली आणि खायला बसली. सासूबाई दारात थांबल्या.

"आपला घरमा माणसंस्ना आधी बाया जेवतस का?" त्यांनी विचारलं.

जिजीनं घास पूर्ण चावला, गिळला, मग सांगितलं की आजपासून एक बाई जेवते.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. दवाखान्यात जिजीला नेलं त्या दिवशी त्या दारात उभ्या राहून रडल्या होत्या. त्यांनी तोड काढली. म्हणाल्या, मागच्या पडवीत बसून खात जा, कुणी विचारलं तर दवाई घेते असं मी सांगेन. माझ्या मते ती तोड चांगली होती. जिजीला ती पटली नाही.

"दवाई नही," ती म्हणाली. "जेवण शे."

आणि ती चुलीजवळच बसत राहिली. सात वाजता, साडेनऊला, बाराला, अडीचला, पाचला आणि रात्री सगळ्यांबरोबर. शेतात गेली तर डबा न्यायची आणि वेचणाऱ्या बायकांच्या मधे बसून तो उघडायची. बायका हसल्या तरी तिचा डबा बंद झाला नाही. माझे जेठ ह्यात काही बोलले नाहीत. एकदा आईनं फार लावून धरलं तेव्हा एवढंच म्हणाले की दवाखान्यात सांगितलंय तसं तिला करू द्या.

वजन भराभर उतरलं. पहिल्या तीन महिन्यांत तिच्या चोळ्या मी दोनदा आत घेतल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. गावाला हे आवडलं नाही. नदीवर बायका मला हळूच विचारायच्या की तुझ्या जावेला क्षय झालाय का. एकीनं तर सांगितलं, कापताना डॉक्टरनं आतलं काहीतरी ठेवून घेतलं असणार. मी हे घरी सांगितलं तेव्हा जिजी म्हणाली, ठेवून घेतलंच आहे, दोन हिस्से.

पावसाळ्यात एक नवीन गोष्ट झाली. टाक्यांच्या वणापाशी लिंबाएवढा फुगा दिसू लागला. खोकलं की बाहेर यायचा, आडवं झालं की आत जायचा. दिवाळीपर्यंत तो नारळाएवढा झाला. आम्ही पुन्हा पॅसेंजर पकडली. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि सांगितलं की आतला पडदा सुटला आहे, आतडं त्यातून बाहेर येतं. कधी अडकलं तर जिवावर बेतेल. पुन्हा शिवावं लागेल. पण आता नाही. पोटावर इतकी चरबी असताना टाका धरत नाही. वजन एकशे पंचावन्न पौंडांवर येऊ द्या, मग शिवतो. त्या दिवशी ती एकशे ब्याऐंशी होती. सिस्टरनं कापडाचा रुंद पट्टा बांधून दिला.

जिजी परतीच्या गाडीत खूश होती. तिनं बोटांवर हिशेब केला. महिन्याला पाच-सहा पौंड उतरतात, म्हणजे संक्रांत, होळी, फार तर अक्षय्यतृतीया. मग हा पट्टा काढून नदीत टाकायचा.

संक्रांतीला काट्यावर एकशे शहात्तर आलं. होळीला एकशे शहात्तर. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिसऱ्यांदा वजनाला गेलो, तेव्हाही एकशे शहात्तर. सिस्टरनं काट्याचं वजन मागेपुढे सरकवून बघितलं. जिजी चप्पल काढून, मग बांगड्या काढून पुन्हा उभी राहिली. काटा तिथंच.

डॉक्टरांनी कागद बघितला. त्या दिवशी बाहेर बाकावर पन्नास तरी माणसं बसलेली होती, ते दमलेले होते. त्यांनी जिजीकडे न बघता माझ्या जेठांकडे बघून सांगितलं, "हिच्या तोंडात घरी काहीतरी जातंय. एवढ्याशा खाण्यावर वजन थांबत नाही. लपून खात असेल. लक्ष ठेवा."

जिजी तिथंच स्टुलावर बसलेली होती. तिचं तोंड आधी लाल झालं, मग पांढरं पडलं. गाडीत नंदुरबारपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि पाच वाजता डबा काढून माझ्या जेठांच्या समोर खाल्ला. प्रत्येक घास त्यांच्याकडे बघत चावला. त्यांनी मान खाली घातली.

घरी आल्यावर जेठांनी आईला सगळं सांगितलं. ते त्यांनी सांगायला नको होतं, असं त्यांनीच नंतर कबूल केलं. सासूबाईंना वर्षभर जे बोलायचं होतं त्याला आता डॉक्टरचा आधार मिळाला. सून सगळ्यांच्या आधी जेवते, ते त्यांनी गिळलं होतं. पण सून चोरून खाते हे नदीवर गेलं तर घराचं नाव जाईल. त्यांनी कोठीच्या खोलीला कुलूप लावलं. त्यात गूळ, शेंगदाणे, तुपाची बरणी, केळी पिकत घातलेली. किल्ली कमरेला. आणि मला मागच्या पडवीत बोलावून सांगितलं की दिवसभर तिच्या मागे राहा, ती काय तोंडात टाकते ते मला सांग.

मी आठ दिवस मागे राहिले. ती गोठ्यात गेली की मी गोठ्यात. ती विहिरीवर गेली की माझी घागर रिकामी असायची. तिनं काही चोरलं नाही. सहा वेळा वाटी घेतली, तेवढीच. वाटेत कुणाच्या घरी बसली तर अर्धा कप चहा घेतला. आता चहाला कोण खाणं म्हणेल. आजारी बाई जेवत तर नाही, निदान घोटभर चहा तरी घे, असं प्रत्येक घर म्हणायचं. मी सासूबाईंना रोज सांगायचे की काही नाही. त्यांना वाटू लागलं की मी तिला मिळाले आहे.

नवव्या दिवशी दुपारी वाड्यामागे कडब्याच्या गंजीशी जिजी अचानक वळली. मी चार पावलांवर होते.

"तू मन्हावर नजर ठेवी ऱ्हायनी ना?" तिनं विचारलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोटं बोलले नाही. कुणी सांगितलं तेही सांगितलं. तिनं मला मारलं असतं तरी मला चाललं असतं. ती कडब्यावर टेकली आणि पट्टा जरा सैल केला. नंतर म्हणाली की ह्या घरात मी बावीस वर्षं सगळ्यांना वाढलं, आणि आज माझ्या घासाला पहारेकरी. मग तिनं विचारलं, तुला लिहायला येतं ना. मी सातवीपर्यंत शिकलेली. तिनं मला एक कार्ड लिहायला लावलं, मिशनच्या दवाखान्यातल्या मंगळी सिस्टरला. मजकूर तिचाच होता, मला पाठ आहे: "डॉक्टरसाहेब म्हणाले मी चोरून खाते. तुम्ही येऊन बघा. तीन दिवस माझ्यासमोर बसा. चोरी सापडली तर मी पुन्हा दवाखान्यात पाऊल ठेवणार नाही. तापीबाई."

सिस्टर येईल असं मला वाटलं नव्हतं. पंधरा दिवसांनी ती एसटीतून उतरली. रजा काढून आली होती. हातात एक पिशवी, पांढरी साडी धुळीनं पिवळी झालेली. सासूबाईंनी पाहुणी म्हणून खाट टाकून दिली, पण पाणी दिलं ते वेगळ्या तांब्यातून. सिस्टरनं तांब्याकडे बघितलं आणि पाणी प्याली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजीनं चुलीजवळ पाट टाकला नाही. तिनं पाट उचलून बाहेर ओट्यावर नेला, रस्त्याच्या अगदी तोंडाशी, आणि तिथं जेवायला बसली. शेजारी सिस्टर. मला सांगितलं की घरात जसं रोज वाढलं जातं तसंच वाढायचं, ना कमी ना जास्त. सासूबाई आतून म्हणाल्या की घराची अब्रू रस्त्यावर नेऊ नको. जिजीनं तिथूनच उत्तर दिलं.

"चोरटी म्हनानं घरमा, आनि खरं काय ते बी घरमाच दाबानं? ते नही व्हवाव. बठासले देखू द्या."

आणि सगळ्यांनी बघितलंच. शेतावर जाणारी माणसं थांबली. नदीवरून येणाऱ्या बायका घागरी घेऊन उभ्या राहिल्या. धुडकू नावाचा एक म्हातारा होता, त्याला सगळ्यात बोलायची खोड. तो म्हणाला, बाईनं असं रस्त्यात बसून खाणं शोभतं का. जिजीनं घास चावता चावता त्याला हातानं थांब म्हणून खूण केली. गिळून झाल्यावर त्याला सांगितलं की बाबा, तुम्ही रोज पारावर बसून बिड्या ओढता, मी कधी विचारलं नाही. लोक हसले. धुडकू निघून गेला.

साडेनऊला भाकरीचा चतकोर आणि वरण. बाराला भात. दर वेळी सिस्टर वाटीत डोकावून बघायची, पण सकाळचं तूप आतच पडून खिचडी-वरणात मुरलेलं होतं. दुपारी बाराच्या वेळी सासूबाई स्वतः बाहेर आल्या. लोकांसमोर सुनेला कोरडा भात कसा घालायचा, म्हणून हातात तुपाची पळी होती. आमच्या घरात तूप कायम त्याच वाढायच्या, पहिल्यापासून. माणसं असोत, गडी असोत, लेकी असोत, प्रत्येकाच्या भातावर त्यांची एक पळी. त्यांचा मोठेपणा त्यातच होता, आणि तो खरा होता. जिजीच्या मुठीएवढ्या भातावरही त्यांनी तशीच पळी ओतली. भात दिसेनासा झाला.

"माय, हे रोज?" सिस्टरनं विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, मग. बारा महिने. सकाळी खिचडीवर, दुपारी भातावर, वरणात, रात्री भाकरीवर. ती एवढंसं खाते, तेवढ्यात तरी ताकद जायला नको का.

सिस्टरनं पळी हातात घेतली. घरातून चहाचा चमचा मागवला आणि लोकांसमोर ती पळी चमच्यानं रिकामी केली. सात चमचे निघाले. तिनं आवाज चढवला नाही. एवढंच सांगितलं की हे दिवसातून चार वेळा, म्हणजे ही बाई भात खात नाहीये, तूप खाते आहे. छोट्या पोटात भाकरी मावत नाही, पण तूप सरळ उतरतं, चहा सरळ उतरतो. दुपारपर्यंत तिनं चहाचेही कप मोजले होते. पाच घरांनी कप आणून दिले होते, ओट्यावर बसलेल्या बाईला चहा विचारायला कुणी चुकलं नव्हतं, आणि प्रत्येक कपात म्हशीचं दूध आणि दोन-दोन चमचे साखर.

सासूबाई उभ्याच होत्या. ज्या हातानं त्यांनी कोठीला कुलूप लावलं त्याच हातानं त्या रोज वाढत होत्या, हे त्यांच्या लक्षात येताना मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. मला वाटलं, आता जिजी सगळं बाहेर काढणार. तिच्यावर वर्षभर झालेल्या शब्दांचा ढीग होता.

जिजीनं वाटी बाजूला ठेवली. म्हणाली की आत्याबाई, मला माहीत नव्हतं, तुम्हालाही माहीत नव्हतं. तूप तुम्हीच वाढा, पण ह्या चमच्यानं, दिवसातून एकदा. मग हात पुढे केला.

"आनि किल्ली."

सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडली. जिजीनं ती घेतली नाही, मला घ्यायला लावली. मी जाऊन कुलूप काढलं. ते कुलूप नंतर बैलाच्या साखळीला वापरलं.

सिस्टर उरलेले दोन दिवस राहिली. जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं जिजीला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. म्हणाली, तूप-चहा सोडल्यावर वजन उतरेल, पण पहिल्यासारखं नाही. अंगालाही कळतं की आता चारा कमी येतोय. ते जपून खर्च करायला लागतं. त्याचा राग धरू नका.

तसंच झालं. जिजीनं चहा सोडला. घरोघरी नाही म्हणणं तिला वाटीपेक्षा जड गेलं. बायका रागवायच्या, आमच्या घरचं चालत नाही का विचारायच्या. ती सरळ सांगायची की चालत नाही, कुणाच्याच घरचं चालत नाही. पावसाळाभर वजन हळूहळू उतरलं, महिन्याला दोन पौंड, कधी एक. दिवाळीत ते पुन्हा थांबलं. मधल्या काळात दवाखान्यात नवा काटा आला, किलोचा. त्यावर पंचाहत्तर आलं. माझ्या जेठांनी घरी येऊन पंचाहत्तर असं सांगितल्यावर सासूबाई मटकन खाली बसल्या. एकशे शहात्तरावरून पंचाहत्तर, म्हणजे बाई संपलीच. त्यांना पौंड आणि किलो समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला.

पण दुसऱ्या महिन्यातही पंचाहत्तर. तिसऱ्या महिन्यातही. डॉक्टरांच्या आकड्याला अजून पाच किलो बाकी होते, आणि फुगा आता पट्ट्यातही दुखत होता. दोनदा तो आत जाईना म्हणून ती तास-तास उताणी पडून राहिली. मी घाबरले. ह्या खेपेला ती स्वतः म्हणाली, चला.

बासष्ट सालच्या जानेवारीत आम्ही डॉक्टर दावीदांच्या समोर बसलो. ती, माझे जेठ आणि मी. सिस्टर दारात उभी होती. डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली आणि सांगितलं की अजून सत्तरवर यायला हवं.

"साहेब, हा सत्तरचा आकडा तुम्ही कुठून आणला?" जिजीनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, अंदाज असतो, तुमच्या उंचीच्या बाईचं साधारण तेवढं असावं.

"त्या बाईचं पोट अख्खं असेल. माझं तुम्ही कापलंय." जिजीचा आवाज शांत होता, पण मी तिचा हात बघत होते, तो स्टुलाच्या कडेला घट्ट होता. "मी दोन वर्षं मुठीएवढं खाते. तूप सोडलं, चहा सोडला. सिस्टरनं तीन दिवस बसून बघितलं. आता ह्याच्या खाली जायचं तर उपाशी राहावं लागेल. उपाशी राहिलं की मला अंधारी येते, आणि मला घर आहे, शेत आहे. उपाशी मी राहणार नाही. हे माझं अंग आहे, ते इतकंच उतरतं. शिवायचं तर ह्यालाच शिवा."

"टाका सुटला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुटला तर माझा सुटेल. वाट बघताना आतडं अडकलं तर ते कुणाचं?"

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली, तिला खाटेवर झोपायला सांगितलं आणि बराच वेळ तपासलं. दोन वेळा खोकायला लावलं. मग हात धुवून आले आणि म्हणाले की बुधवारी घेऊ. जिजी उठली नाही. ती म्हणाली, आणखी एक बाकी आहे. मागच्या वर्षी तुम्ही माझ्या मालकाला सांगितलं की मी लपून खाते. ते तुम्ही माझ्याकडे बघून म्हणाला नव्हतात.

माझे जेठ पायांकडे बघत होते.

"मी चुकीचं बोललो," डॉक्टर म्हणाले. आणि ह्या वेळी तिच्याकडे बघून म्हणाले.

बुधवारी त्यांनी पोट शिवलं. अडीच तास लागले. आठव्या दिवशी ताप आला आणि जखमेतून पाणी वाहू लागलं, तेव्हा मला वाटलं की सगळं गेलं. डॉक्टर दिवसातून दोन-तीनदा येऊन बघायचे. टाका सुटला नाही. जिजी ताप असतानाही वेळेला उठून बसायची आणि वाटी मागायची. सिस्टर सांगायची, असली रोगी तिनं पाहिली नाही. माझे जेठ पंधरा दिवस तिथंच राहिले. दुपारी वाटी ते स्वतः धरायचे. आमच्या गावात हे कुणी बघितलं असतं तर हसले असते. त्यांना त्याची पर्वा उरली नव्हती.

होळीच्या आधी आम्ही घरी आलो. पट्टा घातलेलाच होता, सहा महिने काढायचा नाही असा हुकूम होता, आणि एवढा हुकूम तिनं पाळला. त्यानंतर ती पुन्हा काट्यावर चढली नाही. दोन-चार वर्षांनी ती थोडी भरली, हे मला चोळ्या शिवताना कळलं. मी बोलून दाखवल्यावर तिनं मला गप्प केलं नाही, नुसती म्हणाली, जरा सैल शिव.

जिजीचं पोट शिवलं त्याच वर्षी पावसाळ्यात मला दिवस गेले. सकाळी मला उभं राहवत नसे. एक दिवस साडेनऊ वाजता जिजीनं चुलीजवळ दोन पाट टाकले. माणसं अजून जेवलेली नव्हती, छगन आणि माझे जेठ बाहेर बैल जुंपत होते. तिनं माझं ताट वाढलं, दादर ज्वारीची भाकर, मुगाची डाळ आणि कांदा. मी दाराकडे बघितलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी उठायला लागले तर जिजीनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

सासूबाई आत आल्या. त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चार बाळंतपणं झालेली ती बाई, त्यातली दोन मुलं जगली.

"मन्हा टाइमले मन्हाकडे कोनी देखं नही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तुपाची बरणी खाली काढली, माझ्या भाकरीवर एक पळी ओतली, आणि गोठ्याकडे निघून गेल्या. मी भाकरीचा तुकडा मोडला.